वसईच्या दरवाज्यावरचा क्रूस आणि तोमारचा फेरफार

वसईच्या किल्ल्यात बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर दगडात तीन चिन्हं कोरलेली आहेत. पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह, पट्ट्यापट्ट्यांचा एक गोल (आकाश मोजायच्या जुन्या यंत्राचा) आणि एक क्रूस. शाळेची सहल तिथं जायची तेव्हा आम्ही त्या गोलाला फुटबॉल म्हणायचो. क्रूसाकडे कुणी बघतही नसे, वसईत क्रूस पावलोपावली आहेत. पुढं तेहतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात फेरफार आणि मोजणीच्या नकाशांत गेली. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की हा क्रूस चर्चचा नव्हे. तो 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' नावाच्या सरदारांच्या पंथाचा आहे. म्हणजे एका अर्थी मालकाचा शिक्का. त्या मालकाचं मूळ दप्तर बघायचं मनात होतंच, आणि भाचा लिस्बनला नोकरीला. "मामा, थंडी संपली की या," म्हणाला. सौ. आणि मी गेलो.

पहिला दिवस, बेलेम

पंधरा नंबरची ट्राम पकडून बेलेमला उतरलो. समोर तेजो नदी, एवढी रुंद की आधी खाडीच वाटली. जेरोनिमुशचा मठ १५०१ साली बांधायला घेतला. त्याच्या आधी याच जागी राजपुत्र हेन्रिकनं बांधलेलं एक छोटं चॅपल होतं आणि ते ऑर्डर ऑफ क्राइस्टच्या ताब्यात होतं. १४९७ च्या जुलैत निघण्यापूर्वीची रात्र वास्को द गामानं तिथं प्रार्थनेत घालवली, असं सांगतात. राजा मानुएलनं त्याच्या हाती दिलेल्या रेशमी निशाणावर याच ऑर्डरचा क्रूस होता: लाल क्रूस, त्याच्या पोटात बारीक पांढरा क्रूस.

आत शिरताच डाव्या हाताला गामाची कबर. तो वारला कोचीनला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. अस्थी आधी त्याच्या जहागिरीच्या गावी, विदिगैराला नेल्या आणि १८८० साली इथं आणल्या. कबरीवर गलबत, गोल आणि क्रूस. वसईचा दरवाजाच आडवा करून ठेवल्यासारखं वाटलं. गंमत म्हणजे गामा मूळचा या ऑर्डरचा नव्हेच. तो सांतियागोच्या ऑर्डरचा. तिथं बिनसलं, आणि १५०७ साली तो इकडे आला. पक्षांतर काही आजचं नाही.

बेलेमचा बुरूज बाहेरूनच पाहिला. तटावरच्या दगडी ढालींवर ओळीनं तोच क्रूस. एका टेहळणी-बुरुजाखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरनं गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कला दिलेला गेंडा १५१५ च्या मे महिन्यात इथं उतरवला, त्याची ही आठवण. पोर्तुगीजांनी त्याचं नाव ठेवलं 'गांदा'. म्हणजे आपला गेंडाच की!

तिथल्या प्रसिद्ध दुकानातल्या अंड्याच्या टार्टसाठी सौ. अर्धा तास रांगेत उभी राहिली. १८३४ साली पोर्तुगालमध्ये सगळे मठ बंद झाले आणि जेरोनिमुशच्या मठातली कृती बाहेर पडली. दुकान १८३७ चं. १८३४ हे साल लक्षात ठेवा, ऑर्डरच्या कथेत ते पुन्हा येणार आहे.

दुसरा दिवस, तोमार

लिस्बनहून रेल्वेनं दोन तास. गाव छोटं, मधून नाबांव नदी, आणि वर टेकडीवर किल्ला नि मठ एकमेकांना चिकटलेले. चौकात गुआल्दिम पाइशचा पुतळा. हा पोर्तुगालमधल्या टेम्पलर सरदारांचा प्रमुख. त्यानं ११६० साली किल्ल्याचा पाया घातला. टेम्पलर म्हणजे जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंचं रक्षण करायला निघालेले लढवय्ये साधू. ब्रह्मचर्य आणि दारिद्र्याचं व्रत, हातात तलवार. आपल्याकडच्या गोसाव्यांच्या आखाड्यांशी थोडं साम्य, पण यांच्याकडे जमिनी फार, आणि सावकारी त्याहून जास्त.

वर चढताना एका दगडावर लॅटिन लेख दिसतो. मोरोक्कोचा राजा चार लाख घोडेस्वार आणि पाच लाख पायदळ घेऊन आला, सहा दिवस वेढा घातला, आणि गुआल्दिमनं किल्ला राखला. नऊ लाखांचं सैन्य या टेकडीखाली कुठं मावलं, हे विचारायचं नाही. आमच्या बखरीही तेवढंच मोकळ्या हातानं वाढतात. लेखात साल १२२८ दिलंय आणि लढाई ११९० ची. भाचा म्हणाला, "मामा, चुकलंय." मी म्हटलं, नाही रे, जुना स्पॅनिश शक आहे, अडतीस वर्षं वजा कर. शक आणि इसवी यांचा मेळ घालण्यात ज्याची उमर गेली त्याला एवढं येणारच.

आता खरी गोष्ट. १३०७ च्या १३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, फ्रान्सच्या राजानं देशभरातल्या टेम्पलरांना एकाच दिवशी पकडलं. आरोप पाखंडाचे होते, डोळा मात्र पैशावर. १३१२ साली पोपनं पंथ बरखास्त केला, १३१४ साली पॅरिसमध्ये त्यांच्या प्रमुखाला जाळलं. पंथाच्या मालमत्ता हॉस्पिटलर नावाच्या दुसऱ्या पंथाला द्याव्यात, असा पोपचा हुकूम होता. पोर्तुगालचा राजा दिनिश मात्र मोठा धोरणी. आपल्या मुलखातले किल्ले नि गावं परदेशात मुख्यालय असलेल्या पंथाच्या नावावर चढणार, हे त्याला मानवेना. त्यानं जमिनी अडकवून ठेवल्या, वकील पाठवले, सात वर्षं घासाघीस केली. शेवटी १४ मार्च १३१९ रोजी पोप जॉन बाविसावा यानं नव्या पंथाला मंजुरी दिली. नाव ऑर्डर ऑफ क्राइस्ट. किल्ले तेच, गावं तीच, पुष्कळसे सरदारही तेच. क्रूसाचा लाल रंगसुद्धा तोच, फक्त आत पांढरी रेघ.

आमच्या भाषेत याला फेरफार म्हणतात. जमीन जागची हलत नाही, कब्जेदाराच्या रकान्यात जुन्या नावाला कंस पडतो आणि नवं नाव चढतं. माझ्या हातून असे हजारो गेले असतील, पण पोपच्या सहीचा एकही नाही.

मठातली सगळ्यात जुनी वास्तू शारोला. बाहेरून सोळा बाजूंची, आत आठ खांबांचं उंच मखर आणि भोवती प्रदक्षिणेचा मार्ग. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या मंदिरावरून कल्पना घेतली म्हणतात. सरदार घोड्यावर बसूनच इथं मिस्सा ऐकत, ही गाइडची आवडती कथा. जागा पाहिली तर घोडा वळवायचा कसा हा प्रश्न पडतो. सोनेरी नक्षी नि चित्रं मागाहूनची, राजा मानुएलच्या काळातली. गर्दी ओसरल्यावर मी आणि सौ. एक प्रदक्षिणा घालून आलो. सवयच ती.

इथं मी सगळ्यात जास्त वेळ बसलो तो प्रसिद्ध खिडकीसमोर. दियोगु द आरुदा या कारागिराची १५१० ते १५१३ मधली ही कामगिरी. खिडकी म्हणायची, पण ती खिडकी कमी आणि समुद्रातून ओढून काढलेलं जाळं जास्त. दोरखंड, गाठी, पोवळी, शेवाळ, खाली दाढीवाला म्हातारा बुचाच्या झाडाची मुळं खांद्यावर पेलतोय, दोन्हीकडे गोल, आणि सगळ्यात वर तो क्रूस. कोळीवाड्यात वाळत घातलेली जाळी पाहिलेल्या माणसाला ही नक्षी परकी वाटत नाही. बाजूच्या एका बुरुजाला दगडी पट्टा बांधलाय, बकलासकट, दुसऱ्याला जाडजूड साखळी. पट्टा म्हणजे इंग्लंडची गार्टरची ऑर्डर, साखळी म्हणजे बर्गंडीची सोनेरी लोकरीची, असा अर्थ लावतात. मानुएलला हे दोन्ही मान मिळालेले होते. स्वतःच्या पंथाच्या भिंतीवर त्यानं दुसऱ्यांचे बिल्लेही लावून घेतले. बंगल्याच्या दर्शनी भागात सत्काराच्या शाली टांगाव्यात, तसं.

मानुएलचं एक कोडं नीट समजून घ्यावं लागतं. १३१९ साली ऑर्डर स्वतंत्र होती, तिचा प्रमुख वेगळा, राजा वेगळा. १४२० साली राजपुत्र हेन्रिक तिचा कारभारी झाला. जगाला तो हेन्री द नॅव्हिगेटर म्हणून ठाऊक. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं त्याची जहाजं गेली, त्यामागं या ऑर्डरच्या उत्पन्नाचा आधार होता. १४५६ च्या पोपच्या फर्मानानं तर नव्यानं सापडणाऱ्या मुलखातला धर्माधिकार ऑर्डरला देऊन टाकला, थेट 'हिंदी लोकांपर्यंत' अशा शब्दांत. तेव्हा गामाचा जन्मही झाला नसावा, आणि आमच्याकडचा धर्माधिकार तोमारच्या नावावर चढला होता! पुढं मानुएल आधी ऑर्डरचा कारभारी झाला आणि मग, १४९५ साली, योगायोगानं राजा. दोन्ही खुर्च्या एकाच माणसाखाली आल्या. १५५१ साली पोपनं ते कायमचं करून दिलं, राजा तोच प्रमुख.

म्हणून १५१० साली गोवा पडल्यावर तिथल्या चर्चचा वरिष्ठ कागदोपत्री कोण, तर या टेकडीवरचा ऑर्डरचा व्हिकर, म्हणजे धर्मकारभार बघणारा पाद्री. १५१४ साली तो अधिकार मदैरा बेटावरच्या फुंशालच्या बिशपकडे गेला, आणि गोव्याला स्वतःचा बिशप मंजूर झाला तो १५३४ मध्ये. त्याच वर्षाच्या शेवटी गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. एवढ्या लांबून कारभार कसा चालला असेल ते मला विचारू नका. आमच्याकडे तालुक्याहून जिल्ह्याला फाइल जायला महिना लागतो.

तिसरा दिवस, तोमारचं गाव

सकाळी सिनेगॉग पाहिलं. गल्लीतलं साधं दार, आत चार खांबांवर पेललेली कमानदार खोली. पंधराव्या शतकातलं, म्हणजे हेन्रिकच्या कारकिर्दीतलं. तेव्हा ऑर्डरच्या सावलीत यहुदी लोक इथं धंदा करत होते. १४९६ साली मानुएलनं यहुद्यांना देश सोडा नाहीतर धर्म सोडा असं फर्मावलं, आणि मग या खोलीचा तुरुंग झाला, कोठार झालं. आता तिथल्या संग्रहालयाला अब्राहम झाकुतो या यहुदी ज्योतिर्विदाचं नाव आहे. त्याच वर्षी, १४९६ ला, त्याचे ग्रहगणिताचे कोष्टक छापून निघाले आणि गामाच्या सफरीला उपयोगी पडले. कोष्टक ठेवले, माणूस घालवला.

ऑर्डरनं तर पुढं हे नियमातच बसवलं. १५७० पासून क्रूस छातीवर लावायचा तर रक्त 'शुद्ध' हवं, आजा-पणज्यात यहुदी किंवा मूर (उत्तर आफ्रिकेकडचा मुसलमान) नको. शिवाय बाप-आज्यानं हातानं काम करून किंवा दुकान चालवून पोट भरलेलं नको. त्याला ते 'यांत्रिक दोष' म्हणत. चौकशीला एक खास खातं होतं, १५३२ मध्ये स्थापन झालेलं. ते उमेदवाराच्या गावी माणसं पाठवी, म्हाताऱ्यांचे जबाब घेई. हे वाचताना मला कसंसंच झालं. जात पडताळणीच्या फायली मी पाहिल्यात. त्या ज्याला हक्क आहे त्याला तो मिळावा म्हणून असतात, या कुणाला शिरू न देण्यासाठी होत्या. पण जबाबांचा सूर ओळखीचा: 'सदर इसमाच्या आज्यास आम्ही ओळखतो.'

आणि दोष निघाला तरी राजा माफ करू शकत असे, पैसे किंवा सेवा घेऊन. हिंदुस्थानात लढलेले शिपाई वर्षावर्षाच्या सेवेचे दाखले जोडून लिस्बनला अर्ज करत, 'मला क्रूस द्यावा'. क्रूसाबरोबर सालीना तनखा असे, नशीब जोरावर असेल तर एखादी 'कोमेन्दा' मिळे, म्हणजे ठरावीक गावांच्या चर्च-उत्पन्नातला हिस्सा. आपल्याकडचं इनाम म्हणा. मानुएलच्या कारकिर्दीअखेर अशा कोमेन्दा साडेचारशेच्या घरात गेल्या होत्या. लग्न न करण्याची अट १४९६ मध्येच पोपनं सैल केली होती, तेव्हा साधूपण संपलं होतं, उरली होती ती पगारपत्रकावरची माणसं.

अपवाद मात्र याच्या आधीचा सांगण्यासारखा आहे. कालिकतचा एक चेट्टी व्यापारी १५१३ च्या सुमारास तिथल्या राजाच्या, सामोरीच्या, वतीनं लिस्बनला आला, ख्रिस्ती झाला, आणि मानुएलनं त्याला या ऑर्डरचा क्रूस दिला. जुआंव द क्रुझ हे त्याचं नवं नाव. साठ वर्षं उशिरा आला असता तर चौकशी खात्यानं त्याच्या आज्याचं काय केलं असतं कोण जाणे.

दुपारी 'फातियाश द तोमार' खाल्लं. नुसते अंड्याचे बलक फेटून, खास भांड्यात वाफवून, काप करून पाकात सोडतात. सौ.चं मत: साखर निम्मी हवी. माझं मत: हवी होती तेवढीच होती.

चौथा दिवस

दिवसभर रेल्वे. तोमार-लिस्बन-फारू आणि पुढं पूर्वेला, स्पेनच्या हद्दीला टेकलेल्या गावापर्यंत. अल्गार्वच्या दुसऱ्या टोकाला लागोश राहिलं, तिकडे गेलो नाही. १४४४ च्या ऑगस्टमध्ये तिथं आफ्रिकेतून पकडून आणलेली २३५ माणसं उतरवून वाटली गेली. पाचवा हिस्सा, ४६ माणसं, ऑर्डरच्या कारभाऱ्याचा, हेन्रिकचा. त्याच्याच बखरकारानं रडत्या आयांसकट हे लिहून ठेवलंय. बेलेमच्या नदीकाठच्या १९६० च्या भल्यामोठ्या स्मारकावर सगळ्यांच्या पुढं तोच उभा आहे, हातात गलबत घेऊन.

पाचवा दिवस, काश्त्रु मारिम

तोमार सगळे बघतात, इथं कुणी येत नाही. ऑर्डरचं पहिलं मुख्यालय मात्र हे. १३१९ पासून १३५७ पर्यंत. टेकडीवर किल्ला, खाली ग्वादियाना नदी, पलीकडे स्पेन. तेव्हा दक्षिणेला समुद्रापार मूर आणि पलीकडे ग्रनाडाचं राज्य, म्हणून पोपला पटवून देताना 'सरहद्द राखायला पंथ हवा' हे कारण दिनिशला सोयीचं पडलं. सरहद्द शांत झाल्यावर मंडळी तोमारच्या मऊ हवेत परतली. १७५५ च्या भूकंपानं इथली बरीच पडझड झाली.

तटावर आम्ही दोघं आणि एक मांजर. खाली नजर पोचेल तिथवर मिठागरं. चौकोन चौकोन, काही गुलाबी, काही पांढरे, कडेला मिठाचे ढीग, पाण्यात रोहित पक्षी. सौ. म्हणाली, "आपण नायगावला आलो." आणि खरंच, लोकलच्या खिडकीतून तीस वर्षं जे पाहिलं तेच समोर पसरलं होतं. मी ऑर्डरचं पहिलं दप्तर बघायला आलो होतो, बघत बसलो मीठ.

सहावा दिवस, परत बेलेम

शेवटच्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातलं संग्रहालय. वाड्यासमोर अल्बुकर्क चौक, मधोमध उंच खांबावर गोवा घेणारा अल्बुकर्क. तो सांतियागोच्या ऑर्डरचा. १५१५ साली गोव्याच्या बंदरात जहाजावर मेला तेव्हा त्याला त्याच ऑर्डरच्या वेषात पुरलं.

संग्रहालयात काचेआड लाल, हिरव्या, जांभळ्या फिती. लाल ख्रिस्ताची, हिरवी आविशची, जांभळी सांतियागोची. १७८९ साली राणी मारिया पहिलीनं या तिन्ही ऑर्डरी धर्माकडून काढून निव्वळ मानसन्मानाच्या केल्या, आणि तिघींच्या फितींचा एक पट्टा राजाच्या खांद्यावर आला. मग आलं १८३४. यादवी संपली, उदारमतवादी जिंकले, मठ बंद, जमिनी सरकारजमा. तोमारच्या मठाचा एक भाग कोश्ता काब्राल या मंत्र्यानं विकत घेऊन राहायलाच घेतला. पाचशे वर्षं ज्या जमिनीसाठी एवढा खटाटोप, ती गेली. क्रूस तेवढा राहिला, आता नुसता बिल्ला. तिकडे ब्राझीलच्या सम्राटानं स्वतंत्र झाल्यावर आपली वेगळी शाखा काढलीच होती, पोपची तर स्वतःची आधीपासून होती. वारस म्हटले की वाटण्या आल्याच.

५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही गेली. दहा दिवसांत नव्या सरकारनं एक वगळता सगळ्या ऑर्डरी रद्द केल्या. प्रजासत्ताकाला सरदार कशाला हवेत? बरोबरच होतं. पण मग महायुद्ध आलं, शिपायांना नि अधिकाऱ्यांना काहीतरी द्यायला हवं, आणि १९१७-१८ मध्ये जुनी पेटी उघडली. ऑर्डर ऑफ क्राइस्ट परत आली. आज राष्ट्राध्यक्ष तिचा प्रमुख असतो, मारिया राणीचा तिरंगी पट्टा त्याच्याच खांद्यावर असतो, आणि क्रूस मिळतो तो न्यायाधीश, वकिलातीतले अधिकारी, मंत्री यांना. वसईच्या दरवाज्यावरचा गोल तर १९११ पासून थेट त्यांच्या झेंड्यात जाऊन बसलाय. राजाला पळवून लावलं, त्याच्या नावाला कंस केला, आणि बाकीचा उतारा जसाच्या तसा पुढं चालू. मी काचेसमोर उभा राहून हसत होतो, पहारेकरी माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी भाच्याकडे जेवण. त्याचा सात वर्षांचा मुलगा निळी जर्सी घालून आला. बेलेमचा जुना फुटबॉल क्लब बेलेनेन्सिश, १९१९ सालचा, त्याची. छातीवर लाल क्रूस, पोटात पांढरी रेघ. मी बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे, ठाऊक आहे का?" म्हणाला, "आजोबा, ती आमच्या टीमची खूण." मी त्याला दिनिश राजापासून सांगायला सुरुवात केली. पोपपर्यंत ऐकलं त्यानं. मग बॉल उचलला आणि खाली खेळायला पळाला.